नोटिशीविना घरी बसविलेल्यांचा वकील

लोअर परळ स्थानकातून बाहेर पडल्यावर ज्या रस्त्याला लागावे लागते, त्याचे जुने नाव डिलाईल रोड. नवे नाव ना. म. जोशी मार्ग. एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणाऱ्या या भागात आता काचेच्या इमारती आणि त्यांतली कार्यालये उभी आहेत. गळ्यात ओळखपत्र अडकवून तेथे जाणाऱ्या तरुणांपैकी कितीजणांना हे जोशी कोण, हे ठाऊक असेल? नोकरी गेल्यावर कोणता कायदा आपल्या बाजूने उभा राहतो, असा प्रश्न ज्याला पडतो, त्याने तरी या माणसाची ओळख करून घ्यायला हवी.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ सालचा, कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. कादंबरीकार वामन मल्हार जोशी हे त्यांचे धाकटे बंधू. डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन काही वर्षे शिक्षकी केल्यावर १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने अशी तिची कामे. या कामासाठी चाळींतून हिंडतानाच गिरणगावचे खरे दुखणे त्यांच्या ध्यानात आले.

हे दुखणे केवळ कमी पगाराचे नव्हते. गिरणीत माणूस ठेवायचा तो जॉबरने आणि काढायचाही त्यानेच. नोकरी लागताना त्याला दस्तुरी द्यायची, टिकावी म्हणून त्याची मर्जी राखायची. काढताना कारण सांगण्याचे बंधन नव्हते. पगार काही दिवस मागे ठेवण्याची रीत असल्याने काढलेल्याला हक्काचे पैसेही हेलपाटे घातल्याशिवाय मिळत नसत. कायदा तर उलट्या बाजूचा होता. १८५९ च्या कायद्यानुसार आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला फौजदारी शिक्षा होऊ शके. मालकाने मनमानीने काढले, तर मात्र त्याला विचारणारा कोणी नव्हता. हा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडले.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला जोशी हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. पुढच्याच वर्षी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटक स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. त्याच सुमारास मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीचा तंटा उभा राहिला. तेथील संघटनेचे नेते बी. पी. वाडिया यांच्यावर मालकांनी दावा लावला आणि उच्च न्यायालयाने त्यांना मनाई हुकूम बजावला. कामगारांना संप करायला सांगणे म्हणजे करारभंगाला चिथावणी, असा त्याचा अर्थ होता. संघटना बांधणेच जर असे धोक्याचे असेल, तर काढलेल्या कामगाराची बाजू कोण घेणार?

मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसलेल्या जोशींनी मार्च १९२१ मध्ये संघटनांच्या नोंदणीचा व संरक्षणाचा ठराव मांडला. कायदा व्हायला पाच वर्षे गेली. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदलेल्या संघटनेला अशा दाव्यांपासून संरक्षण दिले. परंतु संघटनेला मान्यता देणे मालकावर बंधनकारक झाले नाही आणि सभासद झाला म्हणून कामगाराला काढणेही थांबले नाही. ही उणीव मोठी होती.

त्याच १९२६ मध्ये जोशींच्या अध्यक्षतेखाली मुंबईत गिरणी कामगारांची युनियन निघाली. १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप मात्र तिच्या आवाक्यापलीकडचा होता. कम्युनिस्टांशी मतभेद असूनही जोशी संयुक्त संप समितीत त्यांच्यासोबत बसले. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे मालकांनी केलेल्या स्थायी नियमांचीही छाननी झाली. कामगाराला कामावर ठेवण्याचे आणि काढण्याचे नियम लेखी असावेत काय, असले तर ते कोणी ठरवावेत, हा वाद असा चव्हाट्यावर आला. १९२९ मध्ये वाडिया गिरण्यांतून काढलेल्या हजारो कामगारांच्या प्रश्नावरून पुन्हा सार्वत्रिक संप झाला आणि तो फसला.

त्याच वर्षी नागपूर अधिवेशनात आयटक फुटली व जोशी बाहेर पडले. जहाल त्यांना मालकधार्जिणे म्हणत, तर मालकांना तेच जोशी खुपत. अर्ज, ठराव, दुरुस्ती सुचविणे ही त्यांची हत्यारे होती. त्यांत नाट्य नव्हते. चाळीत जन्मलेले नसूनही चाळीचे गणित त्यांना पाठ होते, आणि आकडे घेऊन भांडणारा माणूस सरकारला टाळता येत नसे. फूट सांधल्यावर १९४० मध्ये ते पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले.

१९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना, स्थायी आदेशांचा कायदा झाला. शंभर वा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला शिस्तभंग म्हणजे काय, बडतर्फी कधी, नोटीस किती, हे लेखी मांडून मंजूर करून घेणे भाग पडले. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा पाठोपाठ आला. कामगार कपात करताना एक महिन्याची नोटीस आणि दरवर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, ही तरतूद १९५३ च्या दुरुस्तीने त्यात आली, तेव्हा जोशी हयात होते. एकट्या बडतर्फ कामगाराचा तंटाही, संघटना पाठीशी नसली तरी, औद्योगिक विवाद मानला जाऊ लागला तो १९६५ मध्ये. ते पाहायला जोशी नव्हते. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.