जिलेटिनशिवाय जेली आणि लॅबमधली बशी: फॅनी हेसे यांची गोष्ट

आज मोबाईल नाही, ॲप नाही. आज एका अशा टेक्नॉलॉजीबद्दल बोलूया, जी दीडशे वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातून थेट लॅबमध्ये गेली आणि अजून तिथेच आहे.

सुरुवात आमच्या घरापासून. मागच्या एप्रिलमध्ये बारामतीला भावाच्या नोकरीची पार्टी होती. इंदापूरहून मामाने डाळिंबं आणि पेरू आणले होते. मी ठरवलं, छोट्या ग्लासात फळांचे जेली शॉट्स करायचे, बिनदारूचे. आदल्या दिवशी ट्रायल घेतली. रात्री लाईट गेली आणि सकाळी फ्रीज उघडला तर जेलीचं सरबत झालेलं! तेवढ्यात आजीने विचारलं, हे कशाचं केलंय रे? आजी माळकरी. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते, तेव्हा बेलवडीचं रिंगण ती चुकवत नाही. मी पाकीट पलटून बघितलं तर तपकिरी त्रिकोण. म्हणजे मांसाहारी. आजीला काय सांगायचं ते समजेना.

किराणा दुकानदाराने उपाय सांगितला, चायना ग्रास घेऊन जा. तेच आगर-आगर. समुद्रातल्या लाल शेवाळापासून बनतं, त्यामुळे पूर्ण वनस्पतिजन्य. त्या रात्री मी त्याच्याबद्दल वाचत बसलो आणि एका बाईचं नाव सापडलं. इंजिनिअरिंगची चार वर्षं काढून मी ते कधी ऐकलं नव्हतं.

न्यूयॉर्कची मुलगी

अँजेलिना फॅनी आयलशेमियस यांचा जन्म २२ जून १८५० चा, न्यूयॉर्कचा. वडील आयात-व्यापारी, घर खातंपितं. भावंडं बरीच, फॅनी सगळ्यांत थोरल्या. पुढे त्यांचा एक भाऊ लुई चित्रकार म्हणून ओळखला गेला. शेजारी एक डच कुटुंब होतं, जे आधी जावा बेटावर राहून आलं होतं. जावाच्या गरम हवेत गोड पदार्थ घट्ट ठेवायला तिथले लोक आगर वापरायचे. आगर-आगर हा शब्दच मुळी मलय भाषेतला. ही माहिती त्या शेजाऱ्यांकडून फॅनींच्या घरी आली आणि घरच्या पाककृतींत राहिली.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास फॅनींना स्वित्झर्लंडला पाठवलं गेलं. शिकायचं काय, तर फ्रेंच आणि गृहशास्त्र. त्या काळात बऱ्या घरच्या मुलींसाठी एवढंच शिक्षण पुरेसं मानलं जायचं. १८७४ मध्ये जिनिव्हाला त्यांचं लग्न झालं, वाल्टर हेसे या जर्मन डॉक्टरशी. पुढे दोघं सॅक्सनी प्रांतातल्या डोंगराळ, खाणींच्या भागात राहायला गेले. वाल्टर तिथे सरकारी डॉक्टर होते. खाणकामगारांना फुफ्फुसाचा आजार का होतो, यावर त्यांनी एका सहकाऱ्यासोबत महत्त्वाचं काम केलं. घरात तीन मुलगे झाले. घर सांभाळून फॅनी नवऱ्याच्या प्रयोगातही हात घालायच्या. सूक्ष्मजीवांच्या वसाहती कशा दिसतात, त्यांची बारकाईने चित्रं काढायच्या. मोबाईल कॅमेरा नसलेल्या काळात डेटा जपायची ती एक महत्त्वाची पद्धत होती.

सिस्टीममधला बग

आता जरा टेक्निकल. जंतूंचा अभ्यास करायचा तर एकच जात वेगळी काढून वाढवावी लागते. पातळ रस्स्यात सगळे जंतू एकमेकांत मिसळतात. म्हणून रॉबर्ट कॉख यांनी आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतू वाढवून बघितले, मग जिलेटिन वापरलं. घट्ट पृष्ठभागावर प्रत्येक जंतू आपल्या जागी वाढतो आणि त्याचा वेगळा ठिपका दिसतो. आयडिया भारी होती, पण जिलेटिनमध्ये दोन अडचणी होत्या.

पहिली, जिलेटिन म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेलं प्रोटीन. ते ३० अंशांच्या आसपासच वितळायला लागतं. माणसाला आजारी पाडणारे बरेच जंतू मात्र ३७ अंशांना, म्हणजे शरीराच्या तापमानाला, चांगले वाढतात. दुसरी, काही जंतू प्रोटीन पचवतात. म्हणजे ज्या बशीवर त्यांना वाढवायचं, तिचंच ते पाणी करून टाकतात.

वाल्टर हवेतले जंतू मोजत होते. काचेच्या नळीला आतून जिलेटिनचा थर द्यायचा, त्यातून हवा ओढायची आणि उगवलेले ठिपके मोजायचे. १८८१ च्या उन्हाळ्यात त्यांचं जिलेटिन सारखं वितळत होतं. प्रयोग मांडायचा आणि दुपारपर्यंत वाया जायचा. माझ्या फ्रीजमध्ये झालं तेच!

उत्तर स्वयंपाकघरात होतं

वाल्टरना एक गोष्ट खटकली. एवढ्या उन्हाळ्यातही घरच्या जेली आणि पुडिंग घट्ट कशा राहतात? त्यांनी बायकोला विचारलं. फॅनींनी आगरबद्दल सांगितलं आणि ते नळीत वापरून बघायला सुचवलं. वापरलं, आणि चाललं. वाल्टर यांनी ही माहिती कॉख यांना कळवली.

आगर का चालतं? ते प्रोटीन नाही, लांब साखळीची शर्करा आहे. बहुतेक जंतूंना ते पचवता येत नाही. त्याहून गंमत तापमानाची. एकदा घट्ट झालेलं आगर परत वितळवायचं तर साधारण ८५ अंश लागतात, पण गरम द्रव निवताना मात्र ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान घट्ट होतो. चालू व्हायचा आकडा वेगळा आणि बंद व्हायचा वेगळा. इंजिनिअरिंगवाल्यांनो, हेच आपलं हिस्टेरिसिस. फ्रीजचा थर्मोस्टॅट असाच वागतो.

एक वाक्य, नाव नाही

२४ मार्च १८८२ रोजी कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्या कामात त्यांनी मुख्यतः रक्ताचा गोठवलेला द्रव वापरला होता. छापील निबंधात आगरचा उल्लेख जेमतेम एका वाक्यात आला. ते कुणी सुचवलं, हे त्यात नव्हतं. १८८७ मध्ये पेट्री यांनी झाकणाची चपटी काचेची बशी आणली आणि त्या बशीला त्यांचं नाव मिळालं. कॉख यांना १९०५ मध्ये नोबेल मिळालं. बशीत ओतलेल्या आगरला मात्र हेसे हे नाव मिळालं नाही.

हेसे दांपत्याने या कल्पनेतून पैसाही कमावला नाही. १९११ मध्ये वाल्टर गेले. त्यानंतर फॅनी ड्रेस्डेनला राहिल्या आणि १ डिसेंबर १९३४ रोजी तिथेच वारल्या. त्यांच्यामागे १९३९ मध्ये दोन अमेरिकन अभ्यासकांनी लेख लिहून हा इतिहास मांडला आणि साध्या आगर माध्यमाला फ्राऊ हेसे यांचं नाव द्यावं असं सुचवलं. ते नाव काही रुळलं नाही. ओपन सोर्समध्ये सगळ्यात महत्त्वाचा पॅच पाठवावा आणि कॉन्ट्रिब्युटरच्या यादीत आपलं नावच नसावं, तसं झालं हे.

आता तुमची जेली

अर्धा लिटर जेलीसाठी:

१. २०० मिली पाण्यात ४ ग्रॅम आगर पावडर, म्हणजे साधारण दोन छोटे चमचे, थंड असतानाच कालवा. गरम पाण्यात टाकलीत तर गुठळ्या होतील.
२. ढवळत २-३ मिनिटं नीट उकळा. फक्त कोमट करून चालत नाही. ८५ अंशांचं कारण वर वाचलंच आहे.
३. चवीपुरती साखर विरघळवून गॅस बंद करा.
४. मग ३०० मिली डाळिंबाचा किंवा पेरूचा गाळलेला रस घाला. रस फ्रीजमधला थंडगार नको, नाहीतर ओततानाच गोठेल. आंबट रस आगरसोबत उकळू नका, जेली ढिली पडते.
५. ग्लासात ओता. बाहेर ठेवलं तरी घट्ट होतं, फ्रीज फक्त गार करायला.

अननस किंवा कच्ची पपई जिलेटिनमध्ये घातली तर जेली जमतच नाही, कारण त्यांतली एन्झाइम प्रोटीन तोडतात. आगरला तो त्रास नाही. आणि एक लक्षात ठेवा, हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, व्हीगन नव्हे. दुधाच्या पदार्थांवरही हिरवाच ठिपका असतो. व्हीगन पाहुणे असतील तर घटकांची यादी वाचा.

पार्टीच्या दिवशी बाहेर ऊन रणरणत होतं आणि ग्लास तासभर मांडवात होते. एकही वितळला नाही. आजीने दोन खाल्ले.

पावसाळ्यात आजीला ताप आला, उतरेचना. डॉक्टरांनी लघवीची कल्चर टेस्ट सांगितली. दोन दिवसांनी रिपोर्टची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली. कोणता जंतू आहे आणि त्याच्यावर कोणतं औषध लागू पडेल, सगळं त्यात होतं. औषध बदललं आणि चौथ्या दिवशी आजी अंगणात येऊन बसली. तो जंतू ज्या बशीत वाढवून ओळखतात, तिच्यात आगरच असतं. आजीला हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, की त्या बाईचं नाव काय म्हणालास?

फॅनी हेसे. तुम्हीही लक्षात ठेवा.