विश्लेषण : गेममधील ‘लेव्हल’ आणि ‘हिट पॉइंट’ आले कुठून? कोण होते गॅरी गायगॅक्स?

मोबाइल गेममध्ये पात्राची ‘लेव्हल’ वाढते, घाव बसला की ‘हिट पॉइंट’ घटतात. ही पद्धत रुजवली ती १९७४ मध्ये कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळल्या जाणाऱ्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने. त्याचे सहनिर्माते होते गॅरी गायगॅक्स.

सुरुवात कशी झाली?

१९३८ मध्ये शिकागोत जन्मलेले गायगॅक्स विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या छोट्या गावात वाढले. १९७० मध्ये विमा कंपनीतील नोकरी गेल्यावर ते बूट दुरुस्त करून घर चालवू लागले. युद्धखेळांचा नाद मात्र सुटला नाही. १९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासह त्यांनी ‘चेनमेल’ ही मध्ययुगीन लढायांची नियमावली आणली. तिचा आधार घेत डेव्ह अर्नेसन यांनी ‘ब्लॅकमूर’ हे काल्पनिक जग रचले. त्यात खेळाडूच्या हाती सैन्याऐवजी एकच पात्र होते. या कल्पनेतून दोघांनी नवा खेळ घडवला. पहिल्या हजार प्रती गायगॅक्स आणि सहकाऱ्यांनी हातानेच जुळवल्या.

नियमांत नवे काय?

कथा आणि नियम यांची फारकत. जग कसे, राक्षस कुठे, हे खेळ चालवणारा ठरवतो. पात्राचे सहा गुण मात्र तीन फाशांनी ३ ते १८ अंकांत ठरतात आणि वार लागला का, हे वीस बाजूंचा फासा सांगतो. जग बदलले तरी हिशेब तोच. आकड्यांतला हा हिशेब प्रोग्रामरना सहज उचलता आला. १९८१ चे ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ हे संगणक गेम याच वाटेने आले.

मालकी कोणाची?

श्रेय आणि मानधनासाठी अर्नेसन यांनी १९७९ मध्ये दावा ठोकला. १९८१ मध्ये तडजोड झाली. १९८५ मध्ये गायगॅक्स यांच्याच हातून ‘टीएसआर’ या त्यांच्या कंपनीचे नियंत्रण गेले. ४ मार्च २००८ रोजी त्यांचे निधन झाले.

आज काय उरले?

अमेरिकी कायद्यात कॉपीराइट नियमांच्या मजकुराला मिळतो, खेळण्याच्या पद्धतीला नाही. नव्या मालक कंपनीने २००० मध्ये मूळ नियमांचा मजकूर खुल्या परवान्याने इतरांना वापरू दिला. २०२३ मध्ये तो परवाना आवळण्याचा प्रयत्न खेळाडूंच्या विरोधामुळे फसला आणि नियमांचा गाभा ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’खाली खुला झाला. गायगॅक्स यांना कंपनी राखता आली नाही. त्यांचे नियम मात्र आता कोणीही आपल्या जगासाठी वापरू शकतो.