वसंतराव नाईक : शेतात हायब्रीड आणणारे मुख्यमंत्री आणि फवारणीचा अर्धवट राहिलेला धडा

वाशिम : १ जुलै ही तारीख आपल्या जिल्ह्यासाठी दोनदा महत्त्वाची. १९९८ साली याच दिवशी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. आणि १९१३ साली याच दिवशी शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुली गावात वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म झाला. त्यांची जयंती राज्यभर कृषी दिन म्हणून साजरी होते.

बंजारा समाजातल्या शेतकरी घरात वाढलेले वसंतराव नागपुरात शिकून १९४० साली वकील झाले. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांसोबत काम करून ते पुसदला परतले. १९४१ साली वत्सलाताई घाटे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. १९४६ साली पुसदचे नगराध्यक्ष, १९५२ साली आमदार आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून जास्त काळ ते त्या पदावर होते.

तो काळ धान्याच्या टंचाईचा होता. रेशनवर परदेशातून आलेला मिलो खावा लागायचा. १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यापुढे वसंतरावांनी जाहीर केलं, की दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर आपल्याला फाशी द्यावी. मग हायब्रीड ज्वारीचं बियाणं, खत, विहिरी आणि वीज पंप यांवर सरकारने जोर लावला. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (दोन्ही १९७२) अशी चार कृषी विद्यापीठं त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली.

पण हायब्रीडसोबत कीडही वाढली. नव्या ज्वारीवर खोडमाशी आली, पुढे कपाशीवर बोंडअळी. त्यामागोमाग फवाऱ्याचा पंप शेतकऱ्याच्या पाठीवर चढला. विषाला आपण औषध म्हणू लागलो. १९६८ साली देशात कीटकनाशक कायदा आणि १९७१ साली त्याचे नियम झाले. फवारणाऱ्याला हातमोजे, मास्क, अंगभर कपडे मिळावेत, त्याला शिकवावं, असं त्यात लिहिलं होतं. बियाणं बांधापर्यंत पोचलं, हे नियम मात्र बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहिले.

१८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे वसंतरावांचं निधन झालं. त्यानंतर ३८ वर्षांनी, २०१७ च्या फवारणीच्या हंगामात, त्यांच्याच यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, उकाडा, दोन-तीन औषधं एकत्र करून मारलेला फवारा, आणि अंगावर साधा सदरा. मोनोक्रोटोफॉससारखं विष पोटात न जाताही कातडीतून आणि श्वासातून शरीरात शिरतं आणि नसांचं काम बिघडवतं.

वाशिमच्या सोयाबीन, तूर, कपाशीवरही हीच औषधं मारली जातात. बरेचदा फवारणारा मजूर असतो, रोजंदारीवर येतो आणि डब्यावरची बारीक अक्षरं त्याला कुणी वाचून दाखवत नाही. डब्यावरचा त्रिकोण तरी बघावा : लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात कमी. मनाने मिश्रण करू नये. वाऱ्याच्या दिशेने पाठ ठेवावी, भर उन्हात फवारू नये, मध्येच तंबाखू-बिडी नको. घरी आल्यावर आधी साबणाने आंघोळ आणि कपडे वेगळे धुवावेत.

मळमळ, डोकं गरगरणं, दरदरून घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणं, श्वास लागणं ही लक्षणं दिसली तर फवारा तिथेच थांबवावा. कपडे काढून अंग धुवावं, उलटी मुद्दाम करवू नये. १०८ ला फोन करावा आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्यावा. कोणतं विष ते कळलं की डॉक्टरला योग्य उपचार लवकर करता येतो.

वसंतरावांनी शेतकऱ्याच्या पिकासाठी विद्यापीठं उभी केली. यंदाच्या कृषी दिनाला गावोगावी झाडं लावताना, हार घालताना, ग्रामपंचायतीने फवारणाऱ्या मजुरांसाठी हातमोजे आणि मास्कचाही ठराव घ्यायला हरकत नाही.