रेव्हरंड नारायण वामन टिळक

कित्येक थोर पुरुषांची चरित्रे वाचताना असे दिसून येते की, त्यांच्या आयुष्यास वळण देणारा प्रसंग मोठा दिपवून टाकणारा नसतो. कोणाशी झालेले घटकाभराचे संभाषण, हाती आलेले एखादे पुस्तक, दिलेला शब्द पाळण्याची सवय, अशा साध्या गोष्टींतून पुढील सारे घडत जाते. महाराष्ट्राचे आवडते कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र या प्रकारचे आहे. टिळक हे आडनाव उच्चारताच लोकमान्यांची मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहते, व ते योग्यच आहे. परंतु त्याच रत्नागिरी जिल्ह्यात, त्याच पिढीत, दुसरे एक टिळक जन्मास आले, आणि त्यांनीही मराठी भाषेवर आपला कायमचा ठसा उमटविला.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणातील करजगाव या खेड्यात एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत असून स्वभावाने फार तापट होते. मातोश्री जानकीबाई मात्र अत्यंत कोमल अंतःकरणाच्या. संतांची वचने त्यांच्या ओठांवर असत व काव्याची गोडी मुलास त्यांच्यापासूनच लाभली. दुर्दैवाने नारायणाचे वय अकरा-बारा वर्षांचे असतानाच ही माउली परलोकवासी झाली. आईवाचून घर त्यास घर वाटेना. वडिलांचे व त्याचे जमले नाही, आणि तो मुलगा घर सोडून बाहेर पडला.

पोरका, निष्कांचन असा हा मुलगा फिरत फिरत नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्या चरणांपाशी बसून त्याने संस्कृताचे अध्ययन केले. शास्त्रीबुवांच्या कृपेने कालिदास, भवभूति यांच्या काव्यांचे भांडार त्यास खुले झाले. इंग्रजी शाळेतही त्याने काही काळ अभ्यास केला. परंतु पोटाची विवंचना पाठीशी असल्यामुळे शालेय शिक्षण पुरे होऊ शकले नाही. पुढे त्यांची जी विद्वत्ता लोकांच्या प्रशंसेस पात्र झाली, ती बहुतांशी स्वकष्टार्जित होती, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१८८० च्या सुमारास नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनू नावाच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. त्या काळच्या चालीप्रमाणे वधूचे वय अवघे अकरा-बारा वर्षांचे होते. पतिराज कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी लेखक. आज या गावी तर उद्या त्या गावी. हाती आलेला पैसा भेटेल त्या गरजवंतास देऊन टाकण्याची त्यांस खोड असे, व घरात दुपारच्या जेवणाची तजवीज आहे की नाही याचे भान नसे. संसाराचा हा सारा भार त्या कोवळ्या मुलीने पुष्कळदा एकटीने वाहिला.

पुढे टिळक नागपुरास आले. तेथील सुप्रसिद्ध धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी प्राचीन संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम केले, व १८९१ मध्ये ‘ऋषि’ नावाचे धर्मविषयक मासिकही चालविले. या काळात त्यांच्या मनात मोठी खळबळ चालू होती. देश मागे का राहिला, जातिभेदाने माणूस माणसास अस्पृश्य का मानतो, सर्वांस बंधुत्वाच्या धाग्यात ओवील असा धर्म कोणता, हे प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देत नव्हते. आपणच नव्या धर्ममताची मांडणी करावी, असाही विचार त्यांच्या मनात येत असे.

अशा मनःस्थितीत, १८९३ च्या सुमारास, ते नोकरीनिमित्त नागपुराहून राजनांदगाव संस्थानाकडे आगगाडीने निघाले. या प्रवासाची वाट आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. इटियाडोहाच्या परिसरातील मंडळी अर्जुनीस गाडीत बसून गोंदियास जातात, व तेथे पूर्वेकडील गाडी धरली म्हणजे आमगाव, सालेकसा, डोंगरगड अशी स्टेशने घेत राजनांदगावास पोहोचतात. टिळकांची गाडीही याच गोंदियावरून गेली. त्या काळी आपल्या भागात गाढवी नदीवरचे धरण नव्हते, व गोंदिया हे भंडारा जिल्ह्यात मोडत असे. परंतु तेच तलाव, तीच धानाची बांधी आणि तेच दरेकशाचे डोंगर खिडकीतून त्यांच्या दृष्टीस पडले असतील.

डब्यात त्यांच्याशेजारी एक युरोपीय गृहस्थ बसला होता. त्याने टिळकांशी आदराने वर्तन केले. बोलता बोलता काव्याचा विषय निघाला, त्यावरून धर्माचा निघाला. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती ‘नव्या करारा’ची एक प्रत ठेवली, ती वाचण्याचे वचन त्यांजकडून घेतले, आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांस ते भाकीत हास्यास्पद वाटले. त्या गृहस्थाचे नावगावही त्यांस ठाऊक नव्हते. पुस्तक कोपऱ्यात टाकून दिले असते तरी विचारणारे कोणी नव्हते. परंतु दिलेला शब्द तो शब्द, असे मानणारे ते होते. म्हणून नावड असूनही त्यांनी रोज वाचनास आरंभ केला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते येऊन पोहोचले, आणि तेथेच खिळून राहिले. शत्रूवरही प्रीती करावी, देव हा सर्वांचा पिता आहे, या शिकवणीत त्यांस आपल्या प्रश्नांची उत्तरे सापडू लागली.

तथापि त्यांनी उतावीळपणा केला नाही. त्यांनी वाचन केले, चिंतन केले, जाणत्यांशी पत्रव्यवहार केला. अखेरीस १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही त्यांनी एका देशी पाळकाच्या, रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हातून घेतला. आपण धर्म बदलीत आहो, देश नव्हे, हे जगास दिसावे, असा त्यांचा कटाक्ष होता.

या निर्णयाची किंमत मोठी होती, आणि ती त्यांनी एकट्यानेच दिली असे नाही. घरच्या माणसांस पूर्वसूचना न देता त्यांनी हे पाऊल उचलले. बातमी कळताच लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पती जिवंत असून वियोग, पदरी लहानगा दत्तू, आणि भोवताली समाजाची कुजबुज! जवळजवळ पाच वर्षे हा वियोग चालला. नातलगांच्या आधाराने, कधी दुःखाने वेड्यासारख्या होऊन, त्या साध्वीने दिवस कंठले. सत्यासाठी स्वतः दुःख सोसणाराची आपण स्तुती करितो. परंतु त्याच्यामुळे ज्यांस दुःख सोसावे लागले, त्यांचा विसर पडणे हे न्यायाचे नव्हे. टिळकांच्या चरित्रातील हा भाग वाचताना मन त्यांच्या धैर्यापुढे नम्र होते, आणि त्याच वेळी त्या माउलीसाठी कळवळते.

टिळकांचे पत्नीवरील प्रेम मात्र आटले नव्हते. ते पत्रे पाठवीत, कविता लिहून पाठवीत. पण आपला धर्म स्वीकार म्हणून त्यांनी सक्ती केली नाही. पुढे लक्ष्मीबाई त्यांजकडे अहमदनगर भागात येऊन राहिल्या, तेव्हाही त्यांचे सोवळे-ओवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी, सारे चालू होते, व टिळकांनी ते चालू दिले. हळूहळू लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला, की माणसामाणसांतील हा विटाळ देवाने निर्मिला की माणसांनी? ज्या दिवशी त्याचे उत्तर त्यांस मिळाले, त्या दिवसापासून त्यांनी भेद टाकून दिला. आणि १९०० साली, पूर्ण स्वेच्छेने, त्याही ख्रिस्ती झाल्या. त्या सुमाराच्या दुष्काळाच्या व प्लेगाच्या दिवसांत या दांपत्याने अनाथ मुले व आजारी माणसे यांची जी सेवा केली, तीत जातीची किंवा धर्माची विचारपूस नव्हती.

अहमदनगर येथे अमेरिकन मिशनचे कार्य १८३१ पासून चालू होते. तेथील धर्मविद्यालयात टिळक शिकवू लागले, व १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी १९१२ पासून अखेरपर्यंत केले. परंतु त्यांचे सर्वांत मोठे कार्य निराळेच आहे. त्यांच्या आधी देवळात बहुधा परकीय चालींवर रचलेली व भाषांतरित गीते गाइली जात. मराठी माणसाच्या हृदयास ती भिडत नसत. टिळकांनी ज्ञानेश्वर-तुकारामांचा वारसा उचलला. अभंग, ओवी, भजन, कीर्तन या आपल्या मातीतल्या रूपांत त्यांनी आपली भक्ती गाइली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांपाशी आलो, असे ते मानीत. ‘अभंगांजलि’ हा त्यांचा संग्रह या वृत्तीचे फळ होय. महाराष्ट्रातील मंडळ्यांत आजही त्यांची गीते टाळ-मृदंगाच्या साथीने गाइली जातात.

धर्मगीतांपलीकडेही त्यांची कविता विस्तृत आहे. ते केशवसुतांचे समकालीन, व आधुनिक मराठी कवितेच्या आरंभीच्या शिल्पकारांपैकी एक. देशप्रेम, संसारातील गोडवा, निसर्ग, आणि विशेषेकरून फुले व मुले हे त्यांचे आवडीचे विषय. म्हणूनच फुलामुलांचे कवी ही त्यांची ओळख झाली. ‘वनवासी फूल’ हे त्यांचे दीर्घ काव्य रसिकांच्या परिचयाचे आहे. पारध्याने घायाळ केलेली पक्षीण पिलांच्या ओढीने पडत-उठत घरट्याकडे जाते, ही त्यांची कविता महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केली, व ती म्हणताना किती मुलांचे डोळे ओले झाले असतील याची गणती नाही. बालपणीच आईस अंतरलेल्या कवीला मातृहृदय इतके उमगले, यात नवल ते काय?

त्यांचे घर नवोदित कवींचे माहेर होते. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, कित्येक दिवस त्यांच्या घरी राहिले, व लक्ष्मीबाईंनी त्यांजवर पुत्रवत् माया केली. एक हिंदू तरुण आणि एक ख्रिस्ती पाळक एका छपराखाली कवितेच्या आनंदात रंगून जात, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

उतारवयातही टिळकांच्या मनास स्वस्थता नव्हती. १९१७ साली त्यांनी मिशनची वेतनाची नोकरी सोडली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही चळवळ आरंभिली. बाप्तिस्मा घेतलेले असोत वा नसोत, ख्रिस्ताच्या मार्गाने चालू इच्छिणाऱ्या सर्वांनी बंधुभावाने एकत्र यावे, व परक्या पैशावर अवलंबून न राहता सेवा करावी, हा तिचा हेतू होता. परंतु शरीर थकले होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा देहान्त झाला.

त्यांनी हाती घेतलेले एक मोठे कार्य अपुरे राहिले होते. ख्रिस्ताचे संपूर्ण चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले होते. पण सुमारे दहा अध्यायांपुढे ते जाऊ शकले नव्हते. ज्या लक्ष्मीबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, ज्यांस अक्षरओळख पतीने करून दिली, त्यांनी ते काम उचलले व साठांहून अधिक अध्याय रचले. शिवाय १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. पतीचे गुण, पतीचे वेड, स्वतःचे दुःख आणि स्वतःचे हसू, काहीही न लपविता, कोणावर राग न धरता, त्यांनी साध्या मराठीत लिहून ठेवले. १९३६ साली त्या निवर्तल्या. परंतु ते पुस्तक आजही मराठी वाङ्मयाचा अलंकार मानला जातो. ज्या स्त्रीस एके काळी पतीच्या निर्णयाने सर्वाधिक दुखविले होते, तिनेच त्याची स्मृती अमर केली.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसतात. टिळकांनी जे मत स्वीकारले तेच प्रत्येकाने स्वीकारावे, असा या चरित्राचा अर्थ नाही. परंतु दिलेला शब्द कोणी पाहत नसतानाही पाळावा. नावडते पुस्तकही प्रामाणिकपणे वाचून मगच त्याविषयी मत करावे. पटलेले सत्य आचरताना आपल्या मायबोलीशी व मातीशी असलेले नाते तोडू नये. आणि आपल्यामुळे ज्यांस झीज सोसावी लागते, त्या घरच्या माणसांचे ऋण कधी विसरू नये, एवढे तर आपण सर्वजण त्यांच्या व लक्ष्मीबाईंच्या जीवनातून खचित शिकू शकतो.