वाल्डहाइमचा एकाकी यजमान

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर क्रेडल पर्वतापासून सेंट क्लेअर सरोवरापर्यंत जाणारी ‘ओव्हरलँड ट्रॅक’ ही सुमारे ६५ किलोमीटरची पायवाट जगभरच्या गिर्यारोहकांना खुणावते. साधारण सहा दिवसांच्या या वाटेवर शेवाळाने माखलेली थंड प्रदेशातील वर्षावने लागतात. वाट जिथे सुरू होते, त्या दरीत गुस्टाव्ह वाइनडोर्फर यांनी आपले घर बांधले होते.

ऑस्ट्रियातील श्पिटाल येथे १८७४ मध्ये जन्मलेले वाइनडोर्फर १९०० मध्ये मेलबर्नला आले. वनस्पतींच्या ओढीने तेथील निसर्ग अभ्यासकांच्या मंडळात ते सामील झाले आणि तेथेच त्यांना केट काउल भेटल्या. केट वयाने मोठ्या, पण जंगलवेडात तसूभरही मागे नव्हत्या. १९०६ मध्ये विवाह झाल्यावर या दांपत्याने मधुचंद्र साजरा केला तो रोलंड पर्वतावर तंबू ठोकून! जानेवारी १९१० मध्ये दोघांनी एका मित्रासह क्रेडलचे शिखर गाठले. हा सारा परिसर राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला जावा, हा ध्यास त्यांना लागला तो तेव्हापासून.

१९१२ मध्ये किंग बिली पाइनच्या लाकडातून ‘वाल्डहाइम’, म्हणजे अरण्यगृह, उभे राहिले. धड रस्ताही नसलेल्या त्या ठिकाणी पायपीट करून येणाऱ्या पाहुण्यांचे स्वागत गरम जेवणाने आणि कडक कॉफीने होई.

मात्र पहिले महायुद्ध सुरू झाले आणि याच यजमानाकडे हेर म्हणून पाहिले जाऊ लागले. १९०५ मध्येच त्यांनी तेथील नागरिकत्व स्वीकारले होते. पण अफवांना कागदपत्रे कुठे दिसतात? गावच्या क्लबने त्यांना काढून टाकले, त्यांच्या कुत्र्यालाही विष घालण्यात आले. त्यातच १९१६ मध्ये केट यांचे निधन झाले. त्यानंतर वाइनडोर्फर कायमचे वाल्डहाइमला राहायला गेले. हिवाळ्यात बर्फाने वेढलेल्या घरात ते एकटेच असत.

तरीही ज्यांनी संशय घेतला त्यांच्याच बेटासाठी ते सभा घेत, व्याख्याने देत फिरले. अखेर १९२२ मध्ये क्रेडलपासून सेंट क्लेअरपर्यंतचा सुमारे ६४ हजार हेक्टरचा प्रदेश राखीव घोषित झाला. १९३१ मध्ये बर्ट निकोल्स या फासेपारध्याने या प्रदेशातून ओव्हरलँडची वाट आखली.

या वाटेवरची वर्दळ पाहणे वाइनडोर्फर यांच्या नशिबी नव्हते. ५ मे १९३२ रोजी हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. आपल्या मोटारसायकलशेजारी ते मृतावस्थेत आढळले. वाल्डहाइमसमोरच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. मूळ घर पुढे राहिले नाही. त्याच जागी तशीच प्रतिकृती आज उभी आहे.