हॉप्सचा कडवटपणा आणि संत हिल्डेगार्ड

दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड यांचे स्मरण करते. दिव्य दर्शने लाभलेल्या धर्मभगिनी, लेखिका आणि संगीतकार म्हणून त्या परिचित आहेत. परंतु युरोप-अमेरिकेत घरच्या घरी बिअर तयार करणारी हौशी मंडळीही त्यांचे नाव आदराने घेतात, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ‘एल’ जातीची कडक बिअर करताना ही मंडळी कधी कधी हॉप्सच्या जोडीला मधही घालतात. मधातील साखर जवळजवळ सर्वच आंबते आणि पेयाची तीव्रता वाढते. हॉप्सच्या वेलीची शंकूसारखी फुले त्याला कडवटपणा देतात व टिकवून धरतात. हॉप्सचा हा टिकवण्याचा गुण स्पष्ट शब्दांत नोंदवणाऱ्या आरंभीच्या लेखकांत संत हिल्डेगार्ड यांची गणना होते.

त्यांचा जन्म इ.स. १०९८ मध्ये जर्मनीतील एका उमराव घराण्यात झाला. प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. आईवडिलांनी त्यांना बालवयातच देवाला अर्पण केले आणि १११२ मध्ये डिसिबोडेनबर्ग येथील बेनेडिक्टाइन मठाला जोडलेल्या एकांतगृहात त्या युटा नावाच्या तपस्विनीच्या छायेत राहू लागल्या. ११३६ मध्ये युटा निवर्तल्या आणि भगिनींनी हिल्डेगार्ड यांना प्रमुख म्हणून निवडले. ११४१ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आपल्या दर्शनांविषयी लिहिण्याची ईश्वरी आज्ञा त्यांना झाली. त्यातून ‘स्किव्हिआस’ हा ग्रंथ सिद्ध झाला. ११४७-४८ च्या ट्रिअर येथील धर्मसभेच्या वेळी पोप युजीन तिसरे यांनी त्यांच्या लेखनाला अनुमती दिली.

पुढे त्यांनी बिंगेनजवळ, नाहे नदी ऱ्हाइनला मिळते तेथे, रुपर्ट्सबर्ग येथे स्वतंत्र मठ स्थापण्याचे ठरवले. डिसिबोडेनबर्गच्या मठाधिपतींचा त्याला विरोध होता. हिल्डेगार्ड अंथरुणाला खिळल्या, परंतु त्यांनी निर्धार सोडला नाही. अखेर परवानगी मिळाली आणि ११५० च्या सुमारास सुमारे २० भगिनींसह त्या नव्या जागी आल्या. ११६५ मध्ये त्यांनी आयबिंगेन येथे दुसरा मठ स्थापन केला.

रुपर्ट्सबर्गच्या काळातच त्यांनी निसर्ग व औषधींविषयी ‘फिझिका’ हा ग्रंथ रचला. त्याच्या ९ भागांत वनस्पती, वृक्ष, पाषाण, मासे, पक्षी, प्राणी, धातू इत्यादींचे गुणदोष सांगितले आहेत. हृदयविकारासाठी द्राक्षारस, मध व पार्सली एकत्र शिजवण्याची कृतीही त्यात आहे. हॉप्सविषयी मात्र त्यांनी हात राखूनच लिहिले. ही वनस्पती माणसाला फारशी उपकारक नाही, ती मनाला खिन्नता आणते, असे त्यांचे मत होते. तरीही तिच्या कडवटपणामुळे पेय नासत नाही व अधिक काळ टिकते, हा गुण त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवला. मठांत हॉप्सचा वापर त्यापूर्वीही होता. फ्रान्समधील कॉर्बीच्या मठाच्या ८२२ मधील नियमांत त्याचा उल्लेख सापडतो. हॉप्स उकळल्यावर तयार होणारी कडू आम्ले पेय आंबट करणाऱ्या जिवाणूंना रोखतात, हे कारण विज्ञानाने पुष्कळ शतकांनंतर उलगडले.

मठात असे पेय होते, याचे काही वाचकांना नवल वाटेल. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत मठवासीयांना द्राक्षारसाचे दैनंदिन माप ठरवून दिले आहे आणि तृप्ती होईपर्यंत पिऊ नये, असा दंडकही आहे. द्राक्षे नसलेल्या प्रदेशांत बिअरने त्याची जागा घेतली. मठात ते अन्नाचा भाग होते, नशेचे साधन नव्हते.

आयुष्याच्या अखेरीस कडू प्याला संत हिल्डेगार्ड यांच्याच वाट्याला आला. ११७८ मध्ये त्यांनी एका उमरावाला मठाच्या भूमीत मूठमाती दिली. तो एकेकाळी धर्मबहिष्कृत होता, पण मृत्यूपूर्वी त्याचा ख्रिस्तसभेशी समेट झाला होता. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांना हे मान्य नव्हते. त्यांनी मृतदेह उकरून काढण्याचा आदेश दिला. ऐंशी वर्षांच्या हिल्डेगार्ड यांनी नकार दिला. मठावर विधिबंदी आली: घंटानाद थांबला, भगिनींना ख्रिस्तशरीर मिळेना, स्तोत्रे गाता येईनात. सत्तरहून अधिक भक्तिगीते रचणाऱ्या या माउलीने गायन थांबवले, बंदी पाळली, परंतु कबर उघडू दिली नाही. गीत हे स्वर्गीय सुसंवादाचा प्रतिध्वनी आहे आणि ते अन्यायाने बंद करणाऱ्यांनी देवापुढील जबाबदारी ओळखावी, असे त्यांनी अधिकाऱ्यांना लिहून कळवले. ११७९ च्या मार्चमध्ये बंदी उठली. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी त्या प्रभूघरी गेल्या.

१० मे २०१२ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांचे संतपद सार्वत्रिक केले आणि ७ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांना ख्रिस्तसभेच्या आचार्या म्हणून घोषित केले. हा मान मिळालेल्या त्या चौथ्या महिला होत.

आज्ञापालन आणि सदसद्विवेक यांत ओढाताण झाली, की आपण बहुधा एकाला धरून दुसऱ्याला सोडतो. संत हिल्डेगार्ड यांनी दोन्ही जपले आणि त्याची किंमत मुकाट्याने मोजली. आपल्या घरांत, धर्मग्रामांत व संस्थांत असे कडू प्रसंग येतात, तेव्हा त्यांची मध्यस्थी आपण मागूया. आणि पेल्याविषयी म्हणाल, तर संत बेनेडिक्टांचे माप आपल्या लग्नसमारंभांनाही लागू पडते, हे विसरू नये.