फॅनी बर्नी यांची गाठ आणि तुमची बायोप्सी

स्तनातल्या गाठीची बायोप्सी सांगितली की बऱ्याच जणी मला विचारतात, सुई कशाला, सरळ गाठच काढून टाका ना! त्यांना मी फॅनी बर्नी यांच्याबद्दल सांगते.

फॅनी यांचा जन्म १७५२ सालचा, इंग्लंडमधला. वडील संगीतज्ञ. १७७८ मध्ये त्यांनी 'इव्हलिना' ही कादंबरी नाव न घालता छापली आणि ती गाजली. पुढे पाच वर्षं त्या राणी शार्लट यांच्या सेवेत होत्या. १७९३ मध्ये द'आर्ब्ले या फ्रेंच अधिकाऱ्याशी लग्न झालं. १८०२ मध्ये त्या पॅरिसला गेल्या आणि युद्धामुळे दहा वर्षं तिथेच अडकल्या.

तिथे १८१० मध्ये उजवा स्तन दुखू लागला, गाठ लागली. नेपोलियनच्या सैन्यातले नामवंत सर्जन लारे यांनी हात लावून तपासलं आणि कॅन्सर ठरवला. तुकडा काढून आधी तपासायची सोयच नव्हती. ३० सप्टेंबर १८११ ला सकाळी निरोप आला की आज ऑपरेशन. पतीला कळू नये अशी व्यवस्था फॅनी यांनीच केली. काळ्या कपड्यांतले सात पुरुष घरात आले. तोंडावर पातळ रुमाल टाकला, त्यातूनही पातं दिसत होतं. भूल नव्हती, फक्त थोडी वाइन. पूर्ण शुद्धीत असताना त्यांचा स्तन काढला. हे सगळं त्यांनी बहिणीला पत्रातून कळवलं. ते पत्र लिहायलाच काही महिने लागले.

नंतर त्या २८ वर्षं जगल्या आणि १८४० मध्ये ८७व्या वर्षी वारल्या. म्हणूनच गाठ खरंच कॅन्सरची होती का, अशी शंका आज काही डॉक्टर घेतात. आता ते ठरवता येणार नाही.

तुमच्या बाबतीत ते आधीच ठरवता येतं. तुम्ही टेबलावर झोपता. डॉक्टर सोनोग्राफीत गाठ बघत जागा बधिर करणारं इंजेक्शन देतात. ते क्षणभर चुरचुरतं. मग बारीकशा छेदातून सुई गाठीपर्यंत नेतात. तुकडा घेताना स्टेपलरसारखा 'टक' आवाज येतो, त्याने दचकू नका. असे काही तुकडे घेतात. टाके सहसा लागत नाहीत, त्याच दिवशी घरी जाता येतं. गाठ सोनोग्राफीत दिसत नसेल, नुसते कॅल्शियमचे ठिपके असतील, तर हेच मॅमोग्राफीच्या आधाराने करतात.

सुई लावल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढा. त्यापायी तपासणी लांबवणं जास्त धोक्याचं. आणि बायोप्सी केलेल्या कितीतरी गाठी साध्याच निघतात.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. नंतर थोडं काळंनिळं होईल. सूज वाढली, ताप आला किंवा दाबूनही रक्त थांबलं नाही, तर लगेच फोन करा. रिपोर्टला काही दिवस लागतात. तो घ्यायला घरचं कुणीतरी सोबत आणा.